हुंगलेला हात

पोस्टाच्या पायऱ्यांवर, भर सकाळी, चार लोकांदेखत नीना उर्सुलानं रुफिनाचा हात हुंगला.

एवढंच झालं. आभाळ कोसळलं नाही, की कोणाच्या हातातलं पाकीट खाली पडलं नाही. रुफिना रोजच्यासारखी आपल्या पेटीतली पत्रं घेऊन बाहेर आली होती. पायरीवर खांबाला टेकून बसलेली नीना तिला दिसली, आणि जन्माची सवय, ती वाकली. बाप्तिस्म्याला जिनं आपल्याला कडेवर धरलं ती नीना. तिचा हात दिसला की कंबर आपोआप वाकते, त्यात विचार कसला करायचा. "न्योरा, नीना," हे अर्धं तोंडातून बाहेरही पडलं होतं. तेवढ्यात म्हातारीनं आपला हात सोडवून घेतला, रुफिनाचाच उजवा हात दोन्ही हातांत धरला, पालथा केला, आणि मान खाली घालून बोटांच्या पेरांवर नाक टेकलं. चांगला लांब श्वास घेतला. मग म्हणाली, "न्योरा." आणि परत खांबाला टेकून रस्त्याकडे पाहत बसली, जशी काही बस यायची होती.

धाकट्यानं थोरल्याचा हात हुंगायचा आणि 'न्योरा' म्हणायचं, हे या बेटावर शेंबड्या पोरालाही कळतं. थोरल्याच्या हातात त्याचा जीव असतो, त्यातला थोडा नाकानं आपल्यात घ्यायचा. थोरल्यानं म्हणायचं, देव हात देवो. झालं. थोरल्यानं धाकट्याचा हात हुंगायचा तो एकदाच, धाकटं पेटीत निजलेलं असतं तेव्हा, झाकण लावायच्या आधी. नीना उर्सुलानं तो तसा आपल्या दोन मुलांचा हुंगला होता. दोन्ही वेळा रुफिना तिच्या मागं उभी होती, दोन्ही वेळा तिला म्हातारीच्या मानेचं हाड दिसलं होतं, गाऊनच्या गळ्यातून वर आलेलं. आज तेच हाड तिला वरून दिसलं. आणि ज्या बाईनं कायदेमंडळात उभ्याउभ्या दुपारची संध्याकाळ केली आहे, वकिलांची तोंडं बंद केली आहेत, तिच्या तोंडातून 'देव हात देवो' हे तीन शब्द निघाले नाहीत. कोणाला म्हणायचे? नीनाला? ते शब्द खालून वर जात नाहीत. पायऱ्यांवरची माणसं एकाएकी आपापल्या किल्ल्यांच्या जुडग्यांत काहीतरी शोधायला लागली. बघितलं सगळ्यांनी. या बेटावर कोणी बघितलं नाही असं कधी होतच नाही.

"आन्टी, चेहरा का असा पांढरा पडलाय?" लूर्देसनं गाडीचं दार उघडत विचारलं. लूर्देस तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. तिची सेक्रेटरी, ड्रायव्हर आणि इंग्रजी कागद वाचून दाखवणारी, सगळं एकच.

"उन्हानं."

"ऊन अजून डोंगराच्या वर आलं नाही."

"मग नसेल उन्हानं. तू गाडी चालव, डॉक्टरकी करू नकोस."

ती बसली आणि पुन्हा उठल्यासारखी झाली. सीट गरम होती. उन्हानं तापते तशी नव्हे, त्याचा चटका वेगळा. ही ऊब मऊ होती, आत्ताच कोणीतरी जड माणूस उठून गेल्यासारखी. "इथं कोण बसलं होतं गं?" "कोण बसणार? तुमची पर्स होती," लूर्देस म्हणाली आणि गिअर टाकला. रुफिनानं पर्स मांडीवर घेतली. पर्स थंडगार होती.

दिवसही कुठला, तर आजचाच. आज दुपारी वडाच्या टोकाचं मतदान होतं. बेटाच्या उत्तरेला समुद्रात घुसलेलं ते टोक, खाली कातळ, वर जंगल, जंगलाच्या मध्यावर वड. ते सगळं जपानी हॉटेलवाल्यांना लांब मुदतीनं द्यायचं की नाही. अर्धे इकडे, अर्धे तिकडे, आणि मध्ये रुफिना माफ्नास. तिनं हो म्हटलं तर होणार. आणि हो म्हटलं तर पुढच्या महिन्यात पक्ष गव्हर्नरच्या जागेसाठी तिचं नाव पुढं करणार, हे ग्रेगोरियो मान्सापितनं तिला सेंट जोसेफच्या सणाच्या पंगतीत, लाल भाताचं ताट हातात धरून, स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. "बेटाची पहिली बाई गव्हर्नर," तो म्हणाला होता. "आणि मी तुमच्यामागं उभा. विचार करा, तान रुफिना. तुमच्यासाठी मी मागं उभा राहतोय, माझ्या आईनं ऐकलं असतं तर तिला हसू आलं असतं." तान म्हणायचा तिला, थोर बाईला म्हणतात तसं, स्वतः तिच्याहून थोरला असून. त्याच्या तोंडात ते मानाचं कधी वाटलं नाही. पानावर चुना जास्त झाला की जीभ भाजते, तसं वाटायचं.

आणि हो म्हणायला कारण नव्हतं असंही नाही. नुसत्या खुर्चीसाठी हो म्हणायला ती काय मान्सापित होती? तिची दोन्ही मुलं सैन्यात भरती होऊन गेली ती सॅन दिएगोला घरं करून बसली. गावातल्या प्रत्येक घरातून कोणी ना कोणी तसंच गेलेलं. नाताळला येतात, लिंबू पिळलेलं कोंबडीचं केलागुएन खातात, ओल्या नारळाच्या वासानं डोळ्यात पाणी आणतात, की निघाले. हॉटेल झालं तर पोरं इथं राहतील. झाडू मारतील, पलंगपोस बदलतील, पण राहतील. हे तिनं गावागावांत स्वतः सांगितलं होतं. झाडासाठी माणसं घालवायची का, असं ती विचारायची, आणि लोक माना डोलवायचे, फक्त म्हाताऱ्या माना डोलवायच्या नाहीत, हातातल्या पंख्यांकडे पाहायच्या.

ऑफिसात शिरल्या शिरल्या तिला वास आला. ओल्या सुपारीचा, पानाचा, चुन्याचा. टेबलावर काही नव्हतं. खणात नव्हतं. तिनं स्वतः पान सोडलं त्याला कित्येक वर्षं झाली. निवडून आली तेव्हाच सोडलं, कारण पहिल्याच आठवड्यात अमेरिकन नौदलाच्या कॅप्टनची बायको तिच्या लाल ओठांकडे पाहून म्हणाली होती, तुम्हाला काही लागलंय का. लागलंय, बाई, तोंडाला लागलंय. पण सोडलं. आईच्या हातचं ताट सोडावं तसं सोडलं, मुकाट्यानं. रात्री झोपेत मात्र बरेच दिवस जबडा हलत असे, नवरा सांगायचा. आता तिनं खिडकी उघडली तरी वास गेला नाही. मग तिच्या लक्षात आलं की वास जवळून येतोय. तिनं उजवा हात नाकाशी नेला. त्या हाताला वास होता. तिचा नव्हता तो. तिच्या हाताला काय वास असतो हे तिला कुठं ठाऊक होतं म्हणा. सगळ्या बेटाला ठाऊक, तिलाच नाही. आपला हात आपण कधी हुंगतो का?

"कॉफी आणू?" लूर्देसनं विचारलं.

"इथं पान कोणी खाल्लं?"

"इथं? या गालिच्यावर?" लूर्देस हसली. "आन्टी, या मजल्यावर दात लाल असलेलं एकच माणूस यायचं, तो झाडूवाला तुन होसे, तोही गेला बिचारा. तुम्हीच फुलं पाठवली होती."

रुफिना खुर्चीत बसली. खुर्ची उबदार होती. म्हातारपण येतं ते असंच येत असेल, तिनं स्वतःला समजावलं. कोणाला कानात घंटा वाजतात, आपल्याला बसल्या जागी ऊब लागते. पण पाठ टेकवताना ती आपोआप थोडी पुढं सरकून बसली, गच्च भरलेल्या बसमध्ये दुसऱ्याला जागा देतो तशी.

हाच हात. हाताशिवाय तिच्याजवळ होतं काय? शाळा म्हणावी तर नौदलाच्या शाळेत चार इयत्ता, त्यातली दोन तर भिंतीशी उभं राहण्यात गेली, इंग्रजी सोडून घरची चामोरो भाषा बोलली म्हणून. लढाईनंतर गावात पाण्याच्या नळावरून हाणामारी झाली, पुरुषांनी कोयते काढले, आणि ही ओट्यावरून उतरून मध्ये जाऊन उभी राहिली, पोटात दुसरं मूल. "आधी मला कापा, मग पाणी प्या," म्हणाली. त्यानंतर गावची कमिशनर तीच. पुरुष म्हणाले, घागऱ्याचं राज्य आलं. आलं तर आलं, नळ तर वाहायला लागला. मग कायदेमंडळाची निवडणूक. मान्सापित तेव्हा तरुण वकील, हवाईला शिकून आलेला, पांढरा शर्ट; तो घरोघर जाऊन लोकांशी अमेरिकनांसारखे हात मिळवायचा, जोरात, वर-खाली. रुफिना त्याच घरांत त्याच्यामागून जायची आणि प्रत्येक म्हातारीचा, प्रत्येक आंधळ्या-लुळ्या म्हाताऱ्याचा हात हुंगायची. मासळीचा हात, शेणाचा हात, तंबाखूचा, रोझरीच्या लाकडी मण्यांचा हात. घरात शिरताना दारात उभं राहून विचारायची, येऊ का. "ये," म्हणायचे लोक. तिनं भाषण म्हणून केलं नाही. रात्री अंथरुणावर पडली की नाकात सगळं बेट असायचं. निवडून आली तेव्हा मान्सापित म्हणाला, "बाईंनी नाकानं निवडणूक जिंकली," आणि सगळे हसले, तीही हसली, कारण खरंच होतं.

पण पहिल्या दिवशी सभागृहाच्या दारात शिपायानं हात आडवा धरला. "बायकांनी वर सज्जात बसायचं, बाई." आत मांडलेल्या खुर्च्यांत पुरुष बसलेले, सगळे माना वळवून बघत होते. ती म्हणू शकली असती, मी निवडून आले आहे, मला येऊ द्या. येऊ का, हे तर तिच्या जिभेवरच असायचं. त्या दिवशी तिनं ते गिळलं. शिपायाचा हात कोपराशी धरून बाजूला केला आणि सरळ चालत गेली. त्या दिवसापासून रुफिना माफ्नास विचारून कुठं शिरली नाही. गव्हर्नरच्या खोलीत नाही, बिशपच्या नाही, नौदलाच्या कुंपणाआड नाही. त्या दिवसापासूनच बहुतेक तिनं दुसऱ्याचे हात हुंगणंही कमी केलं. थोरली माणसं मरत गेली, आणि तिच्यापुढं वाकणारी वाढत गेली. मिस्सा संपली की चर्चच्या दारात रांग लागायची. एकेका दिवशी संध्याकाळी हाताची पेरं ओलसर, सोललेल्यासारखी व्हायची. जीव असतो म्हणतात हातात. इतक्या जणांनी इतकी वर्षं ओढून घेतल्यावर आत काय उरतं, हा प्रश्न तिला आजवर पडला नव्हता. आज पडला. की तिथं आता मोकळी जागा आहे? मोकळ्या जागेत कोणीतरी येऊन बसतं, हे बेटावरच्या माणसाला सांगावं लागत नाही.

दुपारचं जेवण टाकून ती लूर्देसला म्हणाली, नीनाकडे चल.

नीना उर्सुला मागच्या पडवीत नीरफणस भाजत बसली होती. सकाळी पोस्टातून आणलेलं पार्सल बाकावर उघडून पडलेलं, त्यातून लोकरीचा जाड स्वेटर डोकावत होता. "बघ, कॅलिफोर्नियाहून आलाय," म्हातारी म्हणाली. "नातीला वाटतं मी बर्फात राहते. तू घे, तुला गव्हर्नर झाल्यावर लागेल. तिथं म्हणे खोलीत थंड हवा सोडतात, माणसं टिकावीत म्हणून, मासे ठेवतात तसं." रुफिना हसली नाही. लूर्देस हसली आणि वाकून म्हातारीचा हात हुंगून, "न्योरा," म्हणून पाणी आणायला आत गेली. "देव हात देवो," म्हातारीनं तिला नीट, रीतसर म्हटलं. म्हणजे रीत तिला आठवत होती.

"नीना," रुफिना उभ्यानंच म्हणाली, "सकाळी चारचौघांत काय केलंस ते?"

"काय केलं?"

"माझा हात हुंगलास. मी मेले का?"

म्हातारीनं नीरफणस काडीनं फिरवला. साल काळी होऊन फाटत होती. "थोरांचा हात हुंगला. त्यात काय."

"मी तुझ्याहून धाकटी आहे. तू मला धुतलंयस, पुसलंयस."

"तुझा कोणी हुंगला?"

रुफिनाला वाटलं, पडवीत एकदम शांत झालं. आतली पाण्याची धार ऐकू येत होती, नीरफणसाची साल तडकत होती, तरी शांत झालं. तिनं म्हटलं, "मग कोणाचा?"

"मला नाव माहीत असतं तर नाव घेऊन म्हटलं नसतं का? तू पोस्टातून आलीस तर तुझ्याबरोबर आले. मी म्हटलं, ही पोर कोणाला घेऊन फिरतेय शहरात, आणि त्यांना धड बसायलाही देत नाही. माझ्याहून थोर, एवढं वासावरून कळलं. माझ्या आजीच्या आजीला असा वास असेल. चुना, आणि ओली माती. मी बसून कशी राहू? उद्या माझी आई वर भेटली तर म्हणेल, हे शिकवलं होतं का तुला." तिनं डोळे बारीक केले. "मागं काय बघतेस? बघू नकोस. थोर माणसं उभी असताना असं वळून टक लावून बघतात होय? तुला मी शिकवलंय."

रुफिनाची मान अर्धी वळलेली तशीच राहिली. तिला हसायचं होतं. आधीची माणसं, बेटावरचे मेलेले पूर्वज, लहानपणी सगळ्यांना त्यांची भीती घातलेली असते, जंगलात न विचारता शिरलास तर चिमटे काढतील, अंग काळंनिळं होईल. ती स्वतः आरोग्यखात्याच्या समितीवर होती, देवीच्या लशीसाठी गावोगाव भांडली होती. "ती टोकावर राहतात, नीना," ती म्हणाली, आणि आपण हे म्हटलं याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. "वडापाशी. शहरात कशाला येतील?"

"तूच बोलावलंस की."

"मी?"

"मी होते ना तिथं. तू म्हटलंस, मी ऐकलं."

आणि मग ते सगळं पाण्यातून वर आल्यासारखं वर आलं, कोणी ओढून काढायची वाट न पाहता. लढाईचा शेवटचा महिना. जपानी शिपाई लोकांना गोळा करून छावणीकडे हाकत होते, वरून अमेरिकनांची विमानं, आणि या दोघी रस्ता सोडून जंगलात पळाल्या, रुफिनाच्या छातीशी थोरला मुलगा, दूध पिता. वडाच्या पारंब्यांच्या आत काळोख होता, भर दुपारी. नीना बाहेरच थांबली. शिपायांच्या बुटांचा आवाज येत होता आणि ही थांबली. म्हणाली, विचार. मी नाही, तू विचार, मूल तुझं आहे. रुफिनाला घरच्या शिकवणीतले शब्द आठवले आणि तिनं ते म्हटले, दातांवर दात आपटत. आजी, आजोबा, आम्हाला तुमच्या जागेत येऊ द्या. तुम्ही आमच्या जागेत आलात तर विचारू नका, या. सगळेच असं म्हणतात. लाकडं तोडायला जाताना, औषधी पानं काढायला जाताना, अडलेला माणूस झाडामागं बसतानासुद्धा म्हणतो. पुढचा अर्धा भाग कोणी ऐकत नाही. ते नुसतं तोंडाचं वळण असतं. त्या आत गेल्या. बूट झाडाभोवती फिरले. मूल जागं होतं, डोळे टक्क उघडे, रुफिनाच्या खांद्यावरून मागं कोणाकडे तरी पाहत होतं, आणि रडलं नाही. उलट हसलं. पाळण्यावर वाकलेल्या माणसाकडे पाहून हसतं तसं. तिची पाठ उबदार झाली होती. झाडाचं खोड असेल, असं तिनं तेव्हा मानलं, आणि पुढं मानतच आली.

"आता त्यांची जागा जाणार," नीना म्हणाली. "जाणार तर कुठं जातील? ज्यांनी ज्यांनी म्हटलंय त्यांच्याकडे. आपल्याकडे. माझं घर लहान आहे, माझ्या हातात काही राहिलेलं नाही. तुझ्याकडे जागा मोठी." तिनं नीरफणस राखेतून काढून पानावर ठेवला. "मी तुला मत सांगत नाही. मला काय कळतं त्यातलं. पोरं परत यावीत असं मलाही वाटतं, हा स्वेटर काय मला गोड लागतोय? तू मोठी झालीस, तुझं तू बघ. पण सकाळी मी न्योरा म्हटलं, त्याला उत्तर आलं नाही. ते बरं नाही झालं. ते तसंच राहिलंय."

"मी कोणाच्या परवानगीनं इथवर आले नाही," रुफिना म्हणाली. आवाज चढला होता, सभागृहात चढतो तसा. "न नवऱ्याच्या, न पक्षाच्या, न तुझ्या झाडाच्या. मी हो म्हणणार आहे."

"म्हण की," म्हातारी म्हणाली. "खाऊन जा थोडं. उपाशी पोटी हो म्हणू नये."

परतताना समुद्र उजव्या हाताला होता, पांढरा, डोळ्यात जाणारा. लूर्देस आठवड्याभराच्या भेटीगाठी सांगत होती. रुफिनाच्या मनात एकच गोष्ट गोल फिरत होती: तिच्या भाषणांत लोक एकाएकी गप्प व्हायचे ते कशानं? नळावर उभी राहिली तेव्हा कोयते खाली गेले ते कोणाकडे बघून? तिला नेहमी वाटलं होतं, माझ्याकडे बघून. ती ज्या ज्या खोलीत शिरली तिथं तिच्या आधी काहीतरी शिरत होतं का, आणि ती मागून चालत होती? भूत मानगुटीवर बसल्याची भीती नव्हती ती. भुताचं काय, काढायला माणसं असतात. ही भीती निराळी होती: आजवर जे माझं म्हणून मिरवलं त्यात माझं किती? तिनं हात पर्सच्या पट्ट्यात गुंडाळून धरला. हात गरम होता. तिच्यापेक्षा गरम.

सभागृहाचं दार उघडंच होतं. तो जुना शिपाई केव्हाच गेला. आताचा तिला पाहून उठून उभा राहिला. आत सगळे बसले होते, पंखे फिरत होते, सज्जात हॉटेलवाल्यांची माणसं काळ्या कोटांत, आणि त्यांच्या पलीकडे गावच्या बायका, मांडीवर पंखे. तिची खुर्ची तिला दिसली. रिकामी होती. पण रिकाम्या खुर्चीकडे पाहून जसं चालत जाता येतं तसं तिला जाता येईना. पाय उंबऱ्याशी थांबले. या दारातून ती अगणित वेळा गेली होती, कोपर पुढं काढून, आणि आज तिला कळलं की खोली भरलेली आहे. माणसांनी नव्हे, माणसं होती तेवढीच होती. खुर्च्यांच्या मधल्या वाटांत, भिंतींशी, झेंड्याच्या काठीपाशी, हवेत पारंब्यांसारखी दाटी होती. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. कोणी रागावलेलं नव्हतं. आपली जागा सोडून आलेली माणसं दुसऱ्याच्या घरात बसतात तशी ती बसली होती, आवरून, अंग चोरून, आपण इथं नकोसे आहोत हे माहीत असल्यासारखी. हेच तिला सोसवेना. चिमटे काढले असते तर तिनं उलट चिमटा काढला असता.

"आन्टी?" मागून लूर्देस. "सगळे थांबलेत."

सभागृहातली कुजबुज थांबली. मान्सापितनं आपल्या जागेवरून मान वळवली. नावांच्या अक्षरांप्रमाणे बसायचं, म्हणून माफ्नासच्या शेजारी मान्सापित, इतकी वर्षं. खोकला कुठला, जांभई कुठली, एकमेकांचं सगळं पाठ.

रुफिना उंबऱ्यावर उभी राहून, कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "आजी, आजोबा, मी येऊ का?" पुढचं अर्धं तिनं म्हटलं नाही. ते म्हणून झालेलं होतं. कोणी उत्तर दिलं नाही. पण पावलांपुढं वाट झाली, लग्नाच्या मांडवात थोर बाई आली की होते तशी, आणि ती चालत गेली.

खुर्ची थंड होती. दिवसभरात पहिल्यांदा थंड. कारकून नावं वाचत होता. हो. हो. नाही. हो. नाही. तिला सॅन दिएगोतला मुलगा आठवला, पन्नाशीकडे आलेला, टक्कल पडलेला, आणि त्याच तोंडावर ते दूधपितं हसू. पोरं परत येतील का? कदाचित येतील. येऊन कोणाच्या घरात शिरतील, आणि दारात कोणाला विचारतील?

"सेनेटर माफ्नास."

ती उठली. भाषण तयार होतं, लूर्देसनं चारदा वाचून घोकून घेतलेलं. त्यातलं एक वाक्य तिला आठवेना. गव्हर्नरच्या घराच्या पायऱ्या मात्र आठवल्या, स्वच्छ, पांढऱ्या. त्यांवरून स्वतःला चढताना तिनं किती वेळा पाहिलं होतं, हात धुताना, केस विंचरताना. आता त्या पायऱ्या तशाच होत्या आणि त्यांवर कोणी नव्हतं. हे मात्र माझं मी करते आहे, तिनं मनात म्हटलं, कोणाला सांगते आहे हे न पाहता. हे कोणी माझ्या तोंडून बोलत नाही.

"नाही," ती म्हणाली.

सज्जातल्या बायकांच्या हातांतले पंखे थांबले. मग एकदम सगळे हलायला लागले, पाखरं उडावीत तसे. मान्सापितचं 'हो' कोणाला ऐकूच आलं नाही. कारकुनानं बेरीज वाचली, प्रस्ताव पडला, काळे कोट उठून गेले, आणि माणसं उभी राहून एकमेकांच्या कानांशी लागली.

मान्सापित तिच्याकडे वळला. मानेपर्यंत लाल झाला होता. "संपलीस तू, रुफिना," तो म्हणाला. तान नव्हतं, तुम्ही नव्हतं. "गव्हर्नर सोड, पुढच्या खेपेला गावची कमिशनरसुद्धा होत नाहीस. एका झाडासाठी! मी तुझ्यामागं उभा राहणार होतो. आता तुझ्यामागं कोण आहे, बघ तरी."

"बघत नाही," ती म्हणाली.

वर फोटोवाले होते. प्रत्येक मतदानानंतर, जिंकला की हरला, मान्सापित शेजाऱ्याचा हात हातात घेऊन वर-खाली हलवायचा. हवाईला शिकलेला माणूस. त्यानं दात दाखवले आणि हात पुढं केला. तिनं आपला दिला. त्यानं तो पकडला, एकदा हलवला, आणि थांबला. तिला दिसलं, त्याच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं पण डोळे दुसरीकडे गेले, तिच्या खांद्यावरून मागं, थोडे वर. बोटांची पकड ढिली झाली. मग त्याचे गुडघे, मग पाठ. तिच्याहून थोरला तो माणूस, सगळ्या सभागृहादेखत, वाकला. मानेचं हाड कॉलरमधून वर आलं. नाक तिच्या पेरांना लागलं, आणि तिला त्याचा श्वास आत जाताना जाणवला, लांब, लहान मुलाचा असतो तसा थरथरता.

"न्योरा," ग्रेगोरियो मान्सापित म्हणाला, जेमतेम ऐकू येईल असं.

आणि सकाळपासून जे अडलं होतं ते तिच्या तोंडातून आलं. "देव हात देवो," ती म्हणाली, त्याला, आणि पायरीवर खांबाला टेकून बसलेल्या म्हातारीला. आवाज तिचाच होता. चांगला ओळखीचा. फक्त त्याच्या खाली आणखी एक होता, जुना, चुन्यानं घोगरा झालेला, आणि तो तिच्या आधी अर्धा शब्द संपला.

तिच्या पाठीला ऊब लागली. मागं वळून पाहावं असं तिला फार, फार वाटलं. पाहिलं नाही. ती खुर्ची सोडून थोडी बाजूला सरकली आणि खाली मान घालून उभी राहिली, थोर माणसं उभी असताना राहतात तशी.